गाळाला हात लावण्याआधी

रासायनिक सांडपाणी खाडीत शिरले की त्याचा रंग आणि वास ओहोटीबरोबर ओसरतो, विष मात्र बरेचसे मागे उरते. पारा, शिसे, क्रोमियम यांसारखे जड धातू चिकणमातीच्या कणांना धरून राहतात आणि पाणी संथ झाले की तळाशी बसतात. खारफुटीची मुळे प्रवाह अडवतात, त्यामुळे गाळ सर्वांत जास्त साचतो तो कोळंबी आणि माशांची पिल्ले वाढतात तिथेच. प्रदूषित खाजणाची सफाई हा म्हणूनच पाण्यापेक्षा गाळाचा प्रश्न आहे.

कोकणात याचे ठळक उदाहरण दाभोळच्या खाडीचे. वाशिष्ठी आणि जगबुडी नद्यांचे पाणी या खाडीतून समुद्राला मिळते. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून करंबवण्याजवळ खाडीत सोडले जाते. मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या तक्रारी काठावरचे भोई मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. तक्रारीनंतर पथक पोहोचेपर्यंत दोन भरत्या होऊन गेल्या, तर बाटलीत भरलेले पाणी निर्दोषही ठरू शकते. गाळाचे तसे नसते.

ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात प्लास्टिकची नळी उभी खुपसून अलगद वर काढली, की आतला गाळ थराथराने दिसतो. वर तपकिरी रंगाची पातळ साय आणि खाली कुजक्या अंड्याचा वास मारणारा काळा चिखल. या काळ्या थरात प्राणवायू नसतो. तिथे धातू गंधकाशी बांधले जाऊन बऱ्याच अंशी अडकून पडतात. त्यावर सरळ पोकलेन चालवला, तर गाळ ढवळतो, त्याला हवा लागते, धातूंचा काही भाग सुटतो आणि पुढची भरती तो वरच्या गावांपर्यंत नेते. ‘गाळ उपसा’ ही मागणी रास्त वाटली, तरी घाईने उपसलेला गाळ न उपसलेल्यापेक्षा घातक ठरू शकतो.

जपानमधील मिनामाता उपसागराचा अनुभव या बाबतीत मोलाचा आहे. चिस्सो कंपनीच्या कारखान्यातून पारा समुद्रात जात होता. 1956 मध्ये पाऱ्याच्या विषबाधेने होणाऱ्या रोगाची अधिकृत नोंद झाली, तरी पारा सोडणारी प्रक्रिया बंद व्हायला 1968 उजाडले. गाळाचे काम 1977 मध्ये सुरू होताच ढवळलेल्या पाऱ्याच्या भीतीने रहिवासी न्यायालयात गेले आणि काम सुमारे अडीच वर्षे थांबले. ते पूर्ण झाले 1990 मध्ये. पाणी गढूळ होऊ नये म्हणून पाती नसलेले शोषणपंप वापरले. सुमारे 15 लाख घनमीटर गाळ भरावात बंदिस्त करून त्यावर कापडी आवरण आणि माती घातली. दूषित मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून उपसागराच्या तोंडावर लावलेली जाळी निघाली ती 1997 मध्ये. तोवर आतले दूषित मासे पकडून काढण्याचे काम मच्छीमारांनीच केले.

क्रम यातूनच ठरतो: आधी नळ बंद, मग मोजणी, मग उपसा. विषाचे स्रोत चालू ठेवून केलेली सफाई म्हणजे पैशाची नासाडी. मोजणी आणि उपसा एकट्या अभियंत्याला झेपत नाहीत. रसायनतज्ज्ञ धातूचे प्रमाण सांगतो, पण उधाणाला पाणी कुठवर चढते, भांगाच्या दिवसांत कुठला कोपरा थबकतो, तिसऱ्या कुठून नाहीशा झाल्या, हे पाग टाकणाऱ्यालाच ठाऊक असते. नमुन्याच्या जागा ठरवतानाच त्याला बोलावले, तर मोजणी अचूक होते आणि पुढे अहवालावर विश्वासही बसतो. मिनामाताचे काम रखडले ते यंत्रांअभावी नव्हे, विश्वासाअभावी.

मोजणी प्रदूषणाआधीही हवी. कुडाळ तालुक्यातल्या वालावलपाशी कर्ली नदीत आजही भरतीचे पाणी येते, काठाला कांदळवन आहे. लोट्यासारखा रासायनिक पट्टा या खोऱ्यात नाही, पण कुडाळची औद्योगिक वसाहत आहे. सफाई कुठवर करायची, हे ठरवायला स्वच्छ असतानाचे आकडे लागतात आणि ते नंतर मिळवता येत नाहीत. ग्रामपंचायती आणि मच्छीमारांनी मिळून कर्लीच्या गाळाची अधिकृत प्रयोगशाळेतून तपासणी आताच करून घ्यावी आणि तिची नोंद दप्तरी ठेवावी.