यकृत्पेशींमधील संकेत आणि आपली जबाबदारी

रक्तवह स्रोतसाचे मूल म्हणून चरकसंहितेत यकृत् व प्लीहा यांचा निर्देश आहे. या मूलस्थानाची रचना आयुष्यभर कशी टिकते, याचे उत्तर आधुनिक शास्त्र पेशींच्या परस्पर संकेतांत शोधते.

यकृत् हे सूक्ष्म षट्कोनी खंडकांचे बनलेले असते. कोपऱ्यांवरून आलेले रक्त मध्यवर्ती सिरेकडे वाहते. कडेच्या पेशी प्रामुख्याने युरिया व ग्लुकोज तयार करतात. मध्यवर्ती सिरेजवळच्या पेशींत औषधे व विषे यांचे रूपांतर करणारी सायटोक्रोम विकरे अधिक असतात. ही कार्यविभागणी राखण्यात मध्यवर्ती सिरेच्या अंतःस्तराचा मोठा वाटा आहे. त्यातील पेशी ‘डब्ल्यूएनटी’ प्रथिने स्रवतात. त्यांचा संकेत बीटा-कॅटेनिनद्वारे शेजारच्या यकृत्पेशींच्या केंद्रकात पोहोचून तेथील जनुके कार्यान्वित करतो. संकेत खंडित झाल्यास ही विभागणी पुसट होते.

दुसरा संकेत दुरुस्तीचा. तारकापेशी एरवी ‘अ’ जीवनसत्त्व साठवतात. इजा झाल्यावर टीजीएफ-बीटा या प्रथिनाच्या प्रभावाने त्या कोलॅजन निर्माण करू लागतात. कारण दूर झाले तर हे तंतू बऱ्याच अंशी विरघळू शकतात; कारण चालू राहिले तर काठिण्य वाढत जाते. निदानपरिवर्जनाला प्रथम स्थान का, हे यावरून स्पष्ट व्हावे.

आता औषधी द्रव्यांविषयी. खुळखुळ्याच्या (क्रोटोलारिया) अनेक जातींत, तसेच भुरुंडीत पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात. ती मूळ रूपात विशेष घातक नसतात. यकृतातील विकरेच त्यांचे विषात रूपांतर करतात आणि ते विष जवळच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा अंतःस्तर नष्ट करते. म्हणजे ज्या प्रदेशातून संकेत निघतात, तोच उद्ध्वस्त होतो. सिरा अवरुद्ध होऊन जलोदर उद्भवतो. १९७० च्या दशकात आजच्या छत्तीसगढमधील सरगुजा भागात धान्यात मिसळलेल्या क्रोटोलारियाच्या बियांमुळे असाच उद्रेक होऊन अनेकांना प्राणास मुकावे लागले.

म्हणून औषधनिर्मात्यांनी केवळ स्थानिक नावावर विसंबून कच्चे द्रव्य घेऊ नये. वनस्पतीची शास्त्रीय ओळख पटवूनच ते स्वीकारावे. वैद्यांनी कामलेच्या किंवा जलोदराच्या रुग्णास, तो घेत असलेल्या प्रत्येक काढ्याविषयी व चूर्णाविषयी, आपण दिलेल्या औषधांसह, आवर्जून विचारावे. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीत यकृत् मानत नाही.