औषधांचे कपाट भिंतीवर, कुलपात आणि भक्कम



लागणीच्या प्लॉटची पाहणी करताना आम्ही तुमच्या वस्तीवर येतो. तेव्हा हुमणीचे औषध कणगीमागे, तर तणनाशक शीतपेयाच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवलेले दिसते. लहान पोराला त्यातले काय कळणार? डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. पॅराक्वाट या तणनाशकाच्या विषबाधेवर तर आजही खात्रीचा उतारा नाही. म्हणून घरोघरी औषधांसाठी वेगळे कपाट हवे. ते गावच्या सुताराकडून सहज करून घेता येते.

माप व लाकूड : २ फूट रुंद, २॥ फूट उंच आणि १० इंच खोल एवढे पुरे. १९ मि.मी.चा पाण्याला टिकणारा प्लाय घ्यावा. तळाची फळी नुसत्या खिळ्यांवर ठोकू नये. बाजूच्या फळ्यांना पाव इंच खाच पाडून तीत बसवावी, सरस लावून स्क्रू मारावेत. मागे ६ मि.मी. प्लाय लावावा. आतल्या बाजूने, वरच्या फळीखाली, ३ इंच रुंद व पाऊण इंच जाडीची सागवानी पट्टी दोन्ही बाजूंना पक्की जोडावी. सगळे कपाट हिच्यावरच भिंतीला धरले जाते. कप्प्यांना पुढे इंचभर काठ ठेवावा, म्हणजे डबा घसरत नाही.

भिंतीला बसवणे : रिकामे कपाटच सुमारे २० किलोचे होते, त्यात औषध २५ किलो धरा. हे वजन कपाटाला खाली तर ओढतेच, शिवाय वरची बाजू भिंतीपासून पुढेही खेचते. म्हणून आधी भिंतीवर पातळी बघून एक आधारपट्टी ठोकावी आणि कपाट तिच्यावर टेकवावे. मग वरच्या पट्टीतून ३॥ इंची चार स्क्रू रॉलप्लगमध्ये आवळावेत. पट्टी, प्लाय आणि गिलावा यांतच दीड इंच जातो. उरलेले दोन इंच विटेत शिरले पाहिजेत. नुसत्या गिलाव्यात बसलेला स्क्रू आज ना उद्या निघणारच. भोक विटेच्या मध्यावर पाडावे, सांध्यात नको. विजेच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल लावू नये.

भिंत मातीची किंवा मातीत रचलेल्या दगडांची असेल तर कपाट टांगू नका. जमिनीपासून चार पायांचा घोडा करून त्यावर ठेवा आणि वरून भिंतीला फक्त अडकवा.

जागा : स्वयंपाकघर आणि झोपायची खोली टाळावी. बेणे, पेंड, धान्य यांच्याजवळही नको. तळ जमिनीपासून ५ फूट उंच असावा. वारा खेळण्यासाठी बाजूंना वर-खाली भोके पाडावीत. पातळ औषधे खालच्या कप्प्यात व भुकटी वर ठेवावी, म्हणजे गळती झाली तरी भुकटी भिजत नाही. औषध मूळ डब्यातच, लेबलासह ठेवावे.

कस : औषध ठेवण्याआधी साधारण ३ किलोच्या १५ विटा आत रचून एक दिवस-रात्र थांबावे. वरच्या बाजूला फट दिसली तर स्क्रू काढून नव्या जागी बसवावेत. फट नसेल तर विटा काढा, औषध लावा आणि कुलूप घाला. किल्ली मात्र खुंटीवर नको, घरातल्या जाणत्या माणसाच्या कनवटीला हवी.