रस्ता करून देणारा परमवीर : मेजर रामा राघोबा राणे

परमवीरचक्राच्या आजवरच्या २१ मानकऱ्यांपैकी १४ जणांना ते मरणोत्तर मिळाले. उरलेल्या सातांत मेजर रामा राघोबा राणे यांचे नाव येते. त्यांना हा सन्मान मिळाला तो शत्रूच्या ठाण्यावर चाल केल्याबद्दल नव्हे. गोळ्यांच्या वर्षावात रस्त्यावरचे सुरुंग काढून, पाडलेले वृक्ष बाजूला करून त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली, त्यासाठी तो होता. लढाईच्या वर्णनांत हे काम एरवी एका ओळीत उरकले जाते.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. कारवारचा हा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात मोडत असे. वडील पोलीस शिपाई होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी, निरनिराळ्या गावांत झाले. १९३० च्या सुमारास स्वातंत्र्य चळवळीचे वारे या मुलाच्या अंगात शिरू लागले. सरकारी चाकरीतल्या बापाला ते परवडणारे नव्हते. त्यांनी बिऱ्हाड गुंडाळून गावी नेले.

जुलै १९४० मध्ये राणे ‘बॉम्बे सॅपर्स’मध्ये भरती झाले. पुण्याजवळच्या खडकीला या पलटणीचे केंद्र आहे. पूल बांधणे आणि उडवणे, रस्ते काढणे, सुरुंग पेरणे आणि उचलणे ही सॅपरची कामे. सैन्य पुढे सरकताना तो सर्वांच्या पुढे असतो, माघार घेताना सर्वांच्या मागे. राणे यांच्या वाट्याला दोन्ही आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील आराकान आघाडीवरून त्यांची डिव्हिजन माघारी फिरली, तेव्हा बुथिडाँग येथील साठा नष्ट करण्यासाठी त्यांना दोन सेक्शनसह मागे ठेवण्यात आले. काम झाल्यावर नौदलाचे जहाज त्यांना उचलून नेणार होते. तो बेत फसला. मग जपानी गस्त चालू असलेली नदी ओलांडून ही तुकडी आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाली. राणे हवालदार झाले. १५ डिसेंबर १९४७ रोजी कोअर ऑफ इंजिनिअर्समध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंटचे कमिशन मिळाले. पोलीस शिपायाच्या मुलाने शिपाई म्हणून शिरून अधिकारी व्हावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

काश्मीरमध्ये युद्ध पेटलेलेच होते. मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेतल्यावर भारतीय सैन्याने राजौरीकडे मोर्चा वळवला. नौशेराहून राजौरीला जाणारा डोंगरी रस्ता शत्रूने जागोजाग तोडला होता आणि त्यात सुरुंग पेरले होते. ८ एप्रिलला चौथ्या डोग्रा बटालियनने बरवाली कडा घेतला. पुढच्या वाटेचे काम ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीचे, म्हणजेच राण्यांच्या तुकडीचे होते. काम सुरू होताच उखळी तोफांचे गोळे पडू लागले. राण्यांचे दोन जवान ठार झाले, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतःही होते. जखम बांधून त्यांनी काम पुन्हा सुरू केले ते रात्र पडल्यावरही चालूच ठेवले.

सुरुंग काढणे म्हणजे काय हे नीट समजून घेतल्याशिवाय ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांचे मोल कळत नाही. सॅपर पालथा पडतो, संगिनीचे टोक मातीत तिरके टोचतो, काही कठीण लागले की बोटांनी माती बाजूला करतो. त्या वेळी त्याच्या हातात बंदूक नसते आणि घाई करायची सोय नसते. वरच्या टेकडीवरून मशीनगन चालू असली तरी त्याला उलट गोळी झाडता येत नाही. अशा वेळी राणे रणगाड्याच्या पोटाखाली सरपटत पुढे जात आणि दोर ओढून चालकाला ‘थांब’, ‘चल’ अशी खूण करत, अशी हकीकत सांगितली जाते.

९ तारखेला अखंड बारा तास हेच चालले. वाटेत चिडाची पाच मोठी झाडे आडवी पाडून त्यांच्याभोवती सुरुंग पेरलेले आढळले. सुरुंग काढून, स्फोटकांनी झाडे उडवून वाट मोकळी झाली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला काम पुन्हा सुरू झाले आणि ११ ला मुघलकालीन सराईमुळे ओळखल्या जाणाऱ्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. तरीही राणे थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांनी सतरा तास काम केले. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचले. चिंगस व राजौरीतील कित्येक नागरिकांचे प्राण त्यामुळे वाचले.

परमवीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. त्याची रचना सावित्री खानोलकर यांची. जून १९५० मध्ये राण्यांच्या नावाची घोषणा झाली. १९४७-४८ च्या युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघे धारातीर्थी पडले होते. लान्स नायक करम सिंग आणि राणे हे दोघेच हयात होते.

राजौरीनंतर राण्यांना आणखी ४६ वर्षांचे आयुष्य लाभले, पण त्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. लग्न १९५५ मध्ये झाले, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. पुढची तेरा वर्षे फौजेची नोकरी आणि संसार बरोबरीने चालले. १९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, पण लगेच घरी बसले नाहीत. पुनर्नियुक्तीवर एप्रिल १९७१ पर्यंत ते लष्कराच्याच सेवेत राहिले. ही अखेरची वर्षे पाहिली की पदक छातीवर असले तरी घरखर्च आणि मुलांचे शिक्षण कोणाला चुकत नाही, हे लक्षात येते. सेवाकाळात युद्धवृत्तांत त्यांचा पाच वेळा उल्लेख झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या पत्नीने त्यांचे परमवीरचक्र लष्कराकडे सुपूर्द केले.

शिपिंग कॉर्पोरेशनने १९८४ मध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले. ते राण्यांच्या हयातीतच झाले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी कारवारच्या किनाऱ्यावर त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. शेजारीच ‘आयएनएस चपळ’ या युद्धनौकेचे संग्रहालय आहे. जानेवारी २०२३ मध्ये अंदमान-निकोबारमधील २१ अनाम बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांतले एक बेट राण्यांच्या नावाचे आहे.