गाठीचा पत्ता सांगणारी तपासणी

चेहरा मधूनच लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, असे महिनोन्महिने चालले असेल, तर ते अंगावर काढू नका, असे मी रुग्णांना सांगतो. क्वचित यामागे न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींची गाठ असते. अभिनेते इरफान खान यांनी २०१८ मध्ये जाहीर केलेला आजार हाच.

अशा बहुतेक गाठींवर सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक चिकटण्याच्या जागा असतात. गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनमध्ये तिथेच बसणारे किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. साध्या सीटी स्कॅनमध्ये निसटलेली बारीक गाठही त्यामुळे उजळू शकते. या गॅलियमचा किरणोत्सार दर ६८ मिनिटांनी निम्मा होतो, भिऊ नये.

गाठ उजळली, तर त्याच वाटेने ल्युटेशियम-१७७ पोचवून उपचारही करता येतात. निदान मात्र गाठीचा तुकडा तपासूनच पक्के होते.