घराची किंमत आणि हाती येणारा पैसा



घर विकणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका कोणाच्या मनात आली असेल, तर ती रास्तच आहे. आम्ही वकील नव्हे, हिशेबनीसही नव्हे. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले आणि कायदा आम्ही अडल्यानडल्या कामगारांचे कागद वाचता वाचता शिकलो. परंतु त्या फाटकावर शिकलेला एक धडा घराच्या व्यवहारालाही लागू पडतो, म्हणून हा खटाटोप.

तो धडा म्हणजे पगारपत्रक. नवा कामगार वरचा मोठा आकडा पाहून हरखतो. जुना कामगार खालचा आकडा पाहतो, कारण वाण्याचे बिल त्यातूनच भागवायचे असते. कायद्याला मान्य नसलेली कपात मालकाने पगारातून करू नये, हे तत्त्व १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्याने घालून दिले. तेव्हापासून प्रत्येक कपातीवर बोट ठेवून ‘ही कशाची?’ असे विचारण्याची सवय चळवळीने आम्हांला लावली. नवल हे की, तोच कामगार आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार करताना ही सवय घरी ठेवून जातो.

आमचे एक सहकारी निवृत्तीनंतर पिंपरीकडील सदनिका विकून गावी घर बांधायला निघाले. भाव ठरला, इसार घेतला आणि पूर्ण किमतीच्या भरवशावर त्यांनी गवंड्याला शब्द दिला. मग एकेक कपात पुढे येऊ लागली. स्लॅब पडण्याआधीच पैसा सरला. दोन पावसाळे त्या कुटुंबाने भावाच्या पडवीत काढले. त्यांना कोणी लुबाडले असे म्हणता येणार नाही. त्यांनी खालचा आकडा आधी मांडला नव्हता, एवढेच.

तेव्हा तो आकडा मांडू. पहिली कपात कर्जाची. घर बँकेकडे गहाण असेल, तर उरलेले कर्ज फेडल्यावाचून घर मोकळे होत नाही. मात्र बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडल्याबद्दल व्यक्तीकडून दंड घेण्यास रिझर्व्ह बँकेने २०१२ साली बँकांना मनाई केली. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून, बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास तिने दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावयाची आहे.

दुसरी कपात दलालीची. शेकडा एक किंवा दोन असा प्रघात आहे, पण प्रघात म्हणजे कायदा नव्हे. ती आधी ठरवावी आणि कागदावर आणावी. थकलेली घरपट्टी व देखभाल वर्गणीही विकणाऱ्यानेच चुकती करावयाची असते. मुद्रांक शुल्क मात्र, वेगळा करार नसेल तर, महाराष्ट्राच्या कायद्याने घेणाऱ्याकडे आहे. ‘अर्धे अर्धे करू’ असे कोणी सहज म्हटले, तर सहज मान डोलावू नये.

तिसरी कपात सोसायटीची. हस्तांतरणाच्या अधिमूल्याला राज्य सरकारने ९ ऑगस्ट २००१ रोजी कमाल मर्यादा घालून दिली. महानगरपालिकेच्या हद्दीत ती २५,००० रुपये आहे. देणगी, रंगकाम, इमारत निधी अशा नावांखाली त्यावर एक पैसाही मागू नये, असे आदर्श उपविधी सांगतात. आमच्या सहकाऱ्याकडून त्यांच्या सोसायटीने लाख रुपये ‘खुशीची देणगी’ घेतली. ज्या खुशीवाचून कागदावर सही होत नाही, ती खुशी कसली?

चौथी कपात सरकारची. व्यवहार ५० लाखांचा किंवा त्याहून मोठा असेल, तर घेणारा एक टक्का रक्कम कापून तुमच्या नावे आयकर खात्यात भरतो. हा पैसा बुडत नाही. तुमच्या करात तो जमा धरला जातो. खरा कर असतो तो नफ्यावर. घर दोन वर्षांहून अधिक काळ तुमचे असेल, तर २३ जुलै २०२४ पासून त्याचा दर साडेबारा टक्के आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घराबाबत येथील रहिवासी व्यक्तीला जुन्या रीतीचाही आधार आहे: महागाईच्या निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून उरलेल्या नफ्यावर वीस टक्के. यांतील जो कर कमी, तेवढाच द्यावयाचा.

उदाहरण घेऊ. घर २०१०-११ मध्ये २० लाखांना घेतले, २०२५-२६ मध्ये ६० लाखांना विकले. एक टक्का दलालीचे ६०,००० आणि अधिमूल्याचा अर्धा वाटा १२,५०० हे विक्रीचे खर्च नफ्यातून वजा होतात; म्हणून त्यांच्या पावत्या जपाव्यात. नव्या रीतीने कर सुमारे ४ लाख ९१ हजार येतो. जुन्या रीतीने २० लाखांचे ४५ लाख होतात आणि कर सुमारे २ लाख ८५ हजारांवर उतरतो. त्यावर शेकडा चार उपकर. कर्ज ८ लाख उरले आहे असे धरले, तर ६० लाखांच्या घराचे हाती येतात सुमारे ४८ लाख ३१ हजार. हा तुमचा खालचा आकडा.

हा करही टळू शकतो. विक्रीआधी एक वर्ष किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत देशातच दुसरे राहते घर घेतले, अथवा तीन वर्षांत बांधले, तर त्यात गुंतवलेल्या नफ्यावर कर लागत नाही. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेतील भांडवली नफ्याच्या खास खात्यात ठेवावी लागते. आमचे सहकारी तर घरच बांधीत होते! पण कोणी सांगितले नाही, त्यांनी विचारले नाही आणि कर भरून मोकळे झाले. हे आम्हांला कळले, तोवर दुरुस्तीची मुदत टळली होती. तो कर आणि ती ‘देणगी’ हाती राहती, तर त्यांचा स्लॅब पडला असता.

म्हणून आमचे मागणे एवढेच की, इसाराला हात लावण्यापूर्वी एका कागदावर घराचे पगारपत्रक मांडा. वर किंमत, मधे कपाती, खाली उरलेली रक्कम. प्रत्येक कपातीला विचारा: ही कायद्याची, कराराची, की नुसत्या रिवाजाची? कायद्याची असेल ती बिनतक्रार भरा, कराराची घासाघीस करून ठरवा आणि रिवाजाची असेल तिथे लेखी आधार मागा. गवंड्याला शब्द द्यायचा, तो खालच्या आकड्यावर.