बटण कोणाच्या हातीं?

वृद्ध आईबाप गांवीं आणि मुलें पुण्यास, बंगळुरास किंवा समुद्रापलीकडे, अशी स्थिति आज आपल्यांपैकीं किती तरी घरांची झाली आहे. दूरच्या मुलांच्या मनाला एक टोंचणी नेहमींच असते. रात्रीं उठतांना बाबांना दिव्याचें बटण सांपडत असेल ना? मोटर बंद करावयास आई विसरली तर? ही टोंचणी शमविणारा एक नवा उपाय बाजारांत आला आहे. तो म्हणजे आपण होऊन चालणारें घर.

हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांव येथें आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत गेल्या दिवाळींत या विषयावर बराच खल झाला. मुलानें शहरांतील एका व्यावसायिकाकडून अंदाजपत्रक मागविलें होतें. दिवे, पंखे, पाण्याची मोटर, दाराचें कुलूप, कॅमेरे, सर्व कांहीं मोबाईलवरून किंवा तोंडच्या आज्ञेनें चालावयाचें. रक्कम तीन लाखांच्या घरांत होती. वडील सेवानिवृत्त शिक्षक. त्यांनीं आंकडा पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि एवढेंच विचारलें, "अरे, हें बिघडलें म्हणजे बोलवायचें कोणाला?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठीं लांब जावयास नको. गांवाबाहेर पडलें कीं विहिरीविहिरीवर तें पाहावयास मिळतें. शेतीपंपांना वीज पाळीपाळीनें मिळते. कधीं दिवसा, कधीं रात्रीं. अपरात्रीं विंचूकाट्यांतून विहिरीवर जाणें चुकावें म्हणून शेतकऱ्यांनीं स्टार्टरला 'ऑटो' जोडले. वीज आली कीं ऑटो आपण होऊन पंप सुरू करितो. स्वयंचलनाचा प्रयोग आमच्या खेड्यांनीं असा केव्हांच करून पाहिला आहे.

त्याचें फळ काय? एकट्या पंपापुरतें तें उत्तमच आहे. परंतु एका रोहित्रावर, म्हणजे गांवकरी ज्याला डीपी म्हणतात त्यावर, पंधरा पंप असले व पंधरांनाहि ऑटो असले, तर वीज येतांच सगळे एका क्षणीं उठतात. पांच अश्वशक्तीची मोटर चालतांना सुमारें ८ अँपियर प्रवाह घेते. उठतांना मात्र तिला त्याच्या पांच ते सातपट लागतो. सहापट धरला तरी पंधरा मोटरींचा भार ७२० अँपियर झाला. १०० केव्हीएच्या रोहित्राची ताकद १३३ अँपियरच्या आसपास! मग दाब कोसळतो, मोटरी नुसत्या घुरघुरतात, फ्यूज जातो. फ्यूजच्या जागीं कोणी जाड तार बांधली असली तर रोहित्राचीं वेटोळीं तापत राहतात व एक दिवस तें जळतें. तें बदलून मिळेपर्यंत सर्वांचेंच पीक कोरडें. म्हणूनच महावितरण शेतकऱ्यांना वेळोवेळीं विनविते कीं, ऑटो काढा व कपॅसिटर बसवा.

येथें ऑटोचा दोष नव्हता. नेमून दिलेलें काम त्यानें चोख केलें. दगा दिला तो ज्याच्या आधारावर तो उभा होता त्या व्यवस्थेनें. घराच्या बाबतींतहि नेमका हाच विचार करावयास हवा. यंत्र चांगलें आहे कीं नाहीं, हा प्रश्न दुय्यम होय. तें कशाकशावर विसंबून आहे, हा प्रश्न पहिला.

पहिला आधार विजेचा. जेथें दाब वरखालीं होतो, पावसाळ्यांत विजा कडाडतात, तेथें नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग आधीं जातात. साधें बटण अशा वेळीं कांहीं जळत नाहीं. दुसरा आधार घराच्या बांधणीचा. कित्येक जुन्या घरांत बटणांच्या पेटींत 'फेज'ची तार येते, 'न्यूट्रल'ची येत नाहीं. पुष्कळशा स्मार्ट बटणांना दोन्हीं लागतात. म्हणजे भिंती फोडणें आलें. बिनतारी पद्धति घ्यावी, तर आपल्याकडील जाड मातीच्या भिंती तिच्या लहरी अडवितात. केएनएक्ससारख्या तारेच्या पद्धतींत प्रत्येक उपकरणाला स्वतःची बुद्धि असते व एक बिघडलें तरी बाकीचीं चालतात. परंतु ती तार घर बांधतांनाच घालावी लागते, आणि खर्चहि मोठा.

तिसरा आधार सर्वांत दूरचा, आणि म्हणूनच सर्वांत कच्चा. पुष्कळ यंत्रें आपल्या घरची आज्ञा प्रथम परदेशांतील संगणकाकडे पाठवितात व तेथून होकार आला कीं दिवा लावितात. अमेरिकेंत 'रिव्हॉल्व्ह' नांवाचें सुमारें ३०० डॉलरांचें यंत्र लोकांनीं घेतलें होतें; ती कंपनी विकत घेणाऱ्या नेस्टनें २०१६ च्या मे महिन्यांत त्याची सेवाच थांबविली व यंत्र निर्जीव झालें. २०२२ च्या एप्रिलांत 'इन्स्टिऑन'चे संगणक पूर्वसूचनेवांचून बंद पडले. पुढें ग्राहकांपैकींच कांहींनीं ती कंपनी घेऊन तिला जिवंत केलें. अमेरिकेंत ही गत, तर सेनगांवास दाद कोणाकडे मागावी?

आतां खर्चाचा हिशेब. अंदाजपत्रकांतील आंकडा हा केवळ प्रारंभ होय. त्यावर १८ टक्के जीएसटी, भिंतींचें काम, इन्व्हर्टर, वार्षिक देखभाल, आणि नांदेडहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून येणाऱ्या कारागिराचें येणेंजाणें. शिवाय हीं उपकरणें झोपेंतहि वीज खातात. वीस उपकरणें एकेक वॅट घेतात असें धरलें, तर वर्षाचीं १७५ युनिटें झालीं. उलट ७५ वॅटचा जुना पंखा काढून ३० वॅटचा बीएलडीसी पंखा लावला व तो वर्षांतून ३०० दिवस रोज बारा तास फिरला, तर एका पंख्यामागें १६२ युनिटें वांचतात. आणि त्याचा रिमोट म्हाताऱ्या माणसाच्या उशाशीं राहतो तो निराळाच.

याचा अर्थ व्यावसायिकाकडे जाऊंच नये असा नव्हे. नवें घर बांधणाऱ्यानें अवश्य जावें. मात्र पांच प्रश्न विचारल्याखेरीज पैसे देऊं नयेत. इंटरनेट नसतांना दिवे लागतील काय? प्रत्येक ठिकाणीं हाताचें बटण राहील काय? दुसऱ्या कंपनीचा भाग यास चालेल काय? (२०२२ पासून 'मॅटर' नांवाची सामाईक पद्धति याचसाठीं निघाली आहे.) तारांचा नकाशा व सर्व पासवर्ड मालकाच्या हातीं मिळतील काय? आणि बिघाड झाल्यास कोण, किती दिवसांत व किती दरानें येईल? हीं उत्तरें तोंडीं नकोत, लेखी हवींत.

सेनगांवच्या त्या घरीं अखेर काय झालें? मुलानें अंदाजपत्रक परत केलें. गांवांतल्याच वायरमनकडून जुन्या तारा बदलल्या, अर्थिंग नीट केलें, गळतीचा प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसविला. टांकी भरतांच मोटर थांबविणारें साधें यंत्र लाविलें. पण त्याच्या शेजारीं हाताचें बटण ठेविलें. माजघरापासून न्हाणीघरापर्यंत माणसाची चाहूल लागतांच उजळणारे बॅटरीचे दोन दिवे लाविले; वीज गेली तरी ते लागतात. आणि आईच्या उशाशीं एक बटण बसविलें. तें दाबलें कीं शेजारच्या घरीं घंटा वाजते.

परत निघतांना मुलगा म्हणाला, "बाबा, मला तिकडे मोबाईलवर तुम्ही दिसला असतांत, तेवढें राहिलें."

वडील म्हणाले, "पाहावयाचें असेल तर रोज रात्रीं फोन कर. घंटा वाजली तर धांवून यायला शेजारी आहेतच."