एकोणतीस दिवसांत हातात चिप

१९७९ च्या शरद सत्रात अमेरिकेतल्या १२ विद्यापीठांत एकाच पद्धतीनं एक विषय शिकवला जात होता: इंटिग्रेटेड सर्किटचं डिझाइन. ४ डिसेंबर ही डिझाइन पाठवायची शेवटची तारीख. १२४ जणांनी केलेली ८२ डिझाइनं अर्पानेट या संगणक जाळ्यावरून कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथं, झेरॉक्स कंपनीच्या 'पार्क' या संशोधन केंद्रात येऊन पडली. २ जानेवारी १९८० ला तयार चिप्स, पॅकेजात बसवून, तारा जोडून, परत रवाना झाल्या. मधे गेले २९ दिवस, आणि त्यात नाताळची सुट्टीही आली. सेमीकंडक्टर कंपनीच्या पगारपटावर नसलेल्या माणसाला स्वतःची चिप बनवून मिळणं तोवर जवळपास अशक्य होतं.

हा सगळा घाट घालणाऱ्या लिन कॉनवे यांचा त्या २ जानेवारीला बेचाळिसावा वाढदिवस होता. पुढे १९८५ पासून १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या मिशिगन विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. पण प्राध्यापक म्हणून त्यांचं सर्वांत मोठं काम ही नेमणूक होण्याआधीच उरकलं होतं.

ते समजायला सत्तरच्या दशकातला चिप-धंदा पाहावा लागतो. तेव्हा डिझाइन करणारा आणि चिप घडवणारा एकाच छपराखाली बसत. प्रत्येक कंपनीची प्रक्रिया वेगळी, त्यानुसार नियम वेगळे: कुठली रेघ किती रुंद हवी, कुठल्या दोन थरांत किती अंतर हवं. प्रक्रिया सुधारली की आकडे बदलत आणि जुना आराखडा नव्यानं काढावा लागे. शिवाय हे सगळं गुपित. कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड हे प्राध्यापक सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून विद्यार्थ्यांना चिप काढायला शिकवत होते खरे; पण त्यासाठी लागणारं ज्ञान आणि उद्योगातल्या ओळखी मीड यांच्यापाशी होत्या, इतर प्राध्यापकांनी काय करायचं?

मीड आणि कॉनवे १९७६ च्या सुमारास एकत्र आले. नियमांच्या त्या जंजाळाला त्यांनी काढलेला तोडगा इतका साधा आहे की आज तो क्रांतिकारक वाटतच नाही. मायक्रॉनमधले आकडे सोडून द्यायचे. 'लॅम्डा' नावाचं एक माप धरायचं आणि सगळे नियम त्याच्या पटीत सांगायचे. चिपच्या प्रत्येक थराला एक रंग: डिफ्युजनची पट्टी हिरवी, किमान दोन लॅम्डा रुंद. पॉलिसिलिकॉनची लाल, तीही दोन. धातूची निळी, ती तीन. दोन थर जोडणारं छिद्र काळं, दोन लॅम्डाचा चौकोन. आणि हिरव्या पट्टीवरून लाल पट्टी आडवी गेली की त्या फुलीवर ट्रान्झिस्टर तयार! लाल पट्टी मात्र हिरवीच्या पलीकडे दोन लॅम्डा बाहेर काढायची, नाहीतर मास्क, म्हणजे थराचा आराखडा छापणारा साचा, जरासा सरकला की ट्रान्झिस्टर कडेनं गळका निघणार. आज लॅम्डा तीन मायक्रॉन असेल, चार वर्षांनी दीड होईल. चित्र तेच राहतं, फक्त लहान होतं.

उद्योगातल्या मुरलेल्या मंडळींनी यावर नाकं मुरडली. सगळ्यांना चालतील असे नियम म्हणजे थोडे ढिले नियम, म्हणजे सिलिकॉनची जागा वाया. त्यांचं म्हणणं खरंच होतं. अनुभवी माणूस तीच चिप नक्कीच अधिक आटोपशीर काढू शकत होता. पण असे अनुभवी मोजके होते, आणि चिपवरचे ट्रान्झिस्टर दर दोनेक वर्षांनी दुप्पट होत होते. जागेची उधळपट्टी परवडणार होती, माणसांची टंचाई परवडणार नव्हती.

पाठ्यपुस्तकाचं कामही त्यांनी असंच बेधडक केलं. पुस्तक पूर्ण व्हायची वाट न पाहता १९७७ मध्येच पहिली प्रकरणं 'पार्क'मधल्या संगणकांवर जुळवून, तिथल्याच लेझर प्रिंटरवर छापून वर्गांत वाटली. मुलं अडखळली की मजकूर बदलायचा, पुढची आवृत्ती पाठवायची. 'इंट्रोडक्शन टू व्हीएलएसआय सिस्टिम्स' हे पुस्तक १९८० मध्ये रीतसर प्रकाशित झालं, तोवर ते अनेक वर्गांतून घासूनपुसून निघालं होतं.

१९७८ च्या उत्तरार्धात कॉनवे एमआयटीत पाहुण्या प्राध्यापक म्हणून गेल्या. अर्ध्या सत्रात सिद्धांत, उरलेल्या अर्ध्यात प्रत्येकानं आपली चिप काढायची, असा बेत. गाय स्टील या विद्यार्थ्यानं लिस्प ही संगणक-भाषा थेट चालवणारा अख्खा प्रोसेसर काढला. डिझाइनं जाळ्यावरून 'पार्क'ला गेली, मास्क एका कंपनीनं बनवले, वेफर, म्हणजे चिप्स कोरलेल्या सिलिकॉनच्या चकत्या, ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि सत्र संपून काही आठवड्यांत चिप्स मुलांच्या हातात पडल्या.

पुढच्या वर्षीचा बारा विद्यापीठांचा खटाटोप हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करण्यासाठी होता. खर्चाचं गणित शेअर रिक्षाचं: पूर्ण वेफर आणि मास्कचा संच एकट्याला झेपत नाही, पण डझनावारी डिझाइनं एकाच वेफरवर शेजारी-शेजारी बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला किरकोळ रक्कम येते. अट एकच, वेळेवर हजर राहायचं. शब्दाला जागून मुदत पाळणं आणि ती इतरांकडून पाळून घेणं, हे मला या प्रकरणातलं सर्वांत अवघड काम वाटतं. त्याचं पेटंट निघत नाही, म्हणून त्याचं कौतुकही होत नाही. त्या ८२ डिझाइनांत स्टॅनफर्डच्या जिम क्लार्क यांच्या 'जिऑमेट्री इंजिन'चा नमुना होता. त्यातून पुढे सिलिकॉन ग्राफिक्स ही कंपनी उभी राहिली. १९८१ पासून 'मोसिस' नावानं ही सेवा कायमची सुरू झाली. डिझाइन एकाचं, कारखाना दुसऱ्याचा, ही वाटणी विद्यार्थ्यांच्या वर्गात आधी रुळली. फक्त दुसऱ्यांच्या चिप्स घडवणारी टीएसएमसी ही कंपनी तैवानमध्ये उभी राहिली ती १९८७ मध्ये.

एमआयटीच्या त्या वर्गात शिकवताना कॉनवे यांना एका गोष्टीची धास्ती होती. त्या पारलिंगी होत्या आणि तिथं कुणाला ते ठाऊक नव्हतं. साठच्या दशकात त्या आयबीएममध्ये होत्या. एका चक्रात एकाहून अधिक सूचना, मूळ क्रम सोडून, प्रोसेसरकडून पार पाडून घ्यायची युक्ती त्यांनी तिथं १९६५-६६ मध्येच मांडली होती. आजच्या वेगवान प्रोसेसरांचा तो पाया आहे. स्त्री म्हणून जगण्यासाठी वैद्यकीय उपचार घेणार हे कळल्यावर १९६८ मध्ये कंपनीनं त्यांना काढून टाकलं. संसार मोडला, दोन मुलींची भेट तुटली. नव्या नावानं, कंत्राटी प्रोग्रामर म्हणून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. आधीचं काम सांगायची सोय नव्हती, कारण ते दुसऱ्याच नावावर होतं. १९९८ च्या सुमारास संगणक-इतिहासाचे एक अभ्यासक आयबीएमच्या त्या जुन्या प्रकल्पाचा माग काढू लागले, तेव्हा कुठे कॉनवे यांनी स्वतःहून सगळं उघड केलं. आयबीएमनं जाहीर माफी मागितली २०२० मध्ये, बावन्न वर्षांनी.

श्रेयाच्या बाबतीतही हिशेब तिरकाच राहिला. पुस्तक दोघांचं, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात मीड यांचं नाव २००९ मध्ये लागलं, कॉनवे यांचं २०२३ मध्ये. जून २०२४ मध्ये त्या गेल्या. मीड यांची थोरवी यानं कमी होत नाही. पण कल्पना मांडणाऱ्याचं नाव राहतं आणि ती शेकडो वर्गांत पोहोचवणारा 'मदतनीस' ठरतो, हा अनुभव कॉनवे यांच्या एकट्यांचा नाही.

आता आपल्याकडे येऊ. पुण्या-मुंबईच्या कित्येक इंजिनिअरिंग कॉलेजांत व्हीएलएसआयच्या, म्हणजे चिप-डिझाइनच्या, प्रात्यक्षिकाला मायक्रोविंड या सॉफ्टवेअरवर सीमॉस इनव्हर्टर या साध्या सर्किटचा लेआउट काढायला लावतात. पडद्यावर हिरवं डिफ्युजन, लाल पॉली, निळा धातू, लॅम्डाचे नियम: सगळं त्याच परंपरेतलं. मग प्रिंटआउट जर्नलात चिकटते, सरांची सही होते, टर्मवर्क संपतं. रंग आपण घेतले, २९ दिवस घेतले नाहीत.

हे आज अशक्य राहिलेलं नाही. मोहालीची सेमीकंडक्टर लॅबोरेटरी १९८९ च्या भीषण आगीत होरपळली होती. आज तिथं १८० नॅनोमीटरच्या चिप्स बनतात, आणि केंद्राच्या 'चिप्स टू स्टार्टअप' योजनेखाली शैक्षणिक संस्थांची डिझाइनं एकत्र करून तिथं घडवली जातात. 'टायनी टेपआउट'सारखे उपक्रम तर एकेकट्या हौशी माणसालाही वेफरवर जागा विकतात. तेव्हा अभ्यास मंडळांवर बसणाऱ्या प्राध्यापकांना विनंती एवढीच: पुढच्या वेळी अभ्यासक्रम बदलाल तेव्हा एखादं युनिट कमी करा, पण वर्गाची एक चिप खरोखर बनवून आणा. ती चालली नाही तरी का चालली नाही हे शोधण्यात मुलांचं एक सत्र उत्तम जाईल.